मांडव नाही, तर धवला नाही

३ जानेवारी १९९९, रविवार

नीलेशला ऑफिसातून डायरी मिळाली. रेक्झिनची, वर सोनेरी आकडे. म्हणाला, आजी, मला लिहायला वेळ नाही, तू ठेव. मला वेळ आहे, अक्षर येत नाही. म्हणून मी बोलते आणि त्याची बहीण रंजिता लिहिते. रंजिता शिकवण्या घेते, त्यामुळे अक्षर बरं आणि स्वभाव मास्तरणीचा. माझं ‘नाय’ खोडून ‘नाही’ लिहिते. लिहू दे. कोण वाचणार आहे? डायरी माझी आणि मला वाचता येत नाही. इतकी सुरक्षित डायरी अख्ख्या कामोठ्यात नसेल.

यंदाचे संकल्प. मिशरी बंद. (सकाळची सोडून. ती दातांचं औषध आहे.) सुनेच्या कालवणाला नावं ठेवणं बंद. मे महिन्यात नीलेशचं लग्न. त्यात मी सगळे धवले म्हणणार आणि तो ते कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवणार. म्हणजे मी गेल्यावरही लग्नं लागतील.

मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो शेवटी, घाईत, मोटारसायकलवरून. त्याच्या आधी चार दिवस मी असते. मांडवाची मेढ पुरताना, उंबराची फांदी आणताना, हळद लावताना, प्रत्येक वेळचं गाणं वेगळं. तो धवला. त्यात एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलवायचं. गावात असं जुनं जोडपं नाही ज्याचे देव मी बोलावले नाहीत. पुढे त्यांचं पटलं नसेल तर तो देवांचा दोष.

सगळे पाठ आहेत. नियम एकच. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही. देव येतात, नवरा-नवरी नाहीत असं बघून परत जातात आणि फजिती झालेला देव पुन्हा येत नाही. माझ्या सासूने मला मांडवातच, पाठीमागे उभं करून शिकवलं. घरी चुलीपाशी एक ओळ म्हटली नाही.

नीलेश म्हणाला, अगं मग मी भरू कसं? म्हटलं, लग्न कर.

२४ जानेवारी, रविवार

नीलेशचं काम समजून घेतलं. शहाण्या लोकांनी मशीनमध्ये साल लिहिताना जागा वाचवली. पुढचे दोन आकडे गाळले. आता दोन हजार साल आलं की मशीनला दिसणार शून्य-शून्य, आणि त्याला वाटणार एकोणीसशे आलं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची सगळी माणसं जन्माच्या आधी जाऊन पोचणार. तसं होऊ नये म्हणून आमचा नीलेश बेलापूरला बसून एकेक ओळ तपासतो.

म्हटलं, म्हणजे दुसऱ्याची कंजुषी तू निस्तरतोस. म्हणाला, अगदी तेच. म्हटलं, तुझी आई डाळीत करते तशी. सून आतून म्हणाली, ऐकू आलं हं. (तो संकल्प उद्यापासून.)

साहेब त्याच्यावर फार खूष आहे. रविवारी पण बोलावतो. नावडत्या माणसाला रविवारी कोण बोलावेल?

२१ फेब्रुवारी, रविवार

आपट्याला जाऊन मुलगी बघून आलो. दिपा. बालवाडीत शिकवते. घर पाताळगंगेच्या काठाला, ओट्यावर वारा छान. मी विचारलं, सैपाक येतो का गं? म्हणाली, येतो, पण तुमच्या नातवाला जेवायला वेळ हाय का? नीलेश तेव्हा घड्याळ बघत होता. ती म्हणाली, घाई असंल तर माळ आत्ताच घालते. तिचा बाप डोळे वटारून बघायला लागला. मी तिथेच ठरवलं, हीच.

९ मे ठरली. त्यापुढे यंदा अधिक महिना आहे, त्यात लग्नं नाहीत.

येताना टेम्पोत नीलेश माझ्या खांद्यावर झोपला. तब्येत भरत चालली आहे त्याची, खांदा दुखला. (रंजिता म्हणते तो बारीक झालाय. मास्तरणीला वजनातलं काय कळतं?)

१८ एप्रिल, रविवार

लग्न पुढे गेलं. मे महिन्यात ऑफिसात कोणालाच रजा नाही. नीलेशने खाली बघून सांगितलं. आता दिवाळीनंतर, ५ डिसेंबर. आपट्याचे लोक नाराज झाले, पण मला तर अभिमान वाटला. ज्याच्यावाचून अमेरिकेचं अडतं, त्याचं लग्न थोडं थांबणारच.

काशिराम, म्हणजे माझा मुलगा, नीलेशचा बाप, टेम्पो चालवतो आणि तोंडही तसंच. म्हणाला, लाथ मार त्या नोकरीला. नीलेश म्हणाला, बाबा, नोकरी सोडणार नाही असा बॉण्ड सही केलाय, आता सोडली तर पुढे कोण उभं करील? शेत गेलं, मिठागर गेलं, मागे उरला टेम्पो. घरात शिकलेल्याची नोकरी ही एकच.

घसा बसला आहे. रंजिताच्या खडूची धूळ. तिला सांगितलं, शिकवण्या बाहेर घे.

९ मे, रविवार

आज लग्न असतं.

दिपा एकटी आली, कैऱ्यांची पिशवी घेऊन. नीलेश दुपारपर्यंतच घरी होता. सगळे ओट्यावर बसले. नीलेश सांगत होता, ऑफिसात मशीनची तारीख मुद्दाम खोटी पुढे ढकलतात, म्हणजे त्याला वाटतं दोन हजार आलंच, आणि मग ते कुठे अडखळतं ते बघतात. दिपा लगेच म्हणाली, मग मांडव पण खोटा घाला की! चार बांबू, आंब्याचा टाळा. मी बसते, हे बसतात, आजी धवले म्हणतील, हे भरून घेतील. खरं लग्न मागाहून.

रंजिता टाळ्या वाजवायला लागली. सून म्हणाली, हळद हाय घरात. काशिराम तर उठून टेम्पोतून दोन बांबू घेऊनही आला.

मी ओरडले. म्हटलं, आमचे देव म्हणजे तुमच्या अमेरिकेचं मशीन नाय, खोट्या तारखेला फसायला! ओरडताना आवाज मध्येच फाटला, त्यामुळे सगळे आणखी हसले. दिपा हसली नाही. जवळ येऊन म्हणाली, आजी, गला हाय तवर म्हणून घ्या. म्हटलं, तुझ्या नातवंडांच्या हळदीला पण हाच गळा असेल, तू फक्त वेळेवर पोरं काढ. लाजून आत गेली. मी जिंकले.

बांबूंवर काशिरामने कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

११ जुलै, रविवार

घसा तसाच. आता पावसाची हवा. मिशरी बंद केली म्हणूनही असेल, शरीराला सवय असते. म्हणून परत सुरू केली.

नीलेशचे हात कापतात. चहाची बशी वाजते. म्हणाला, टायपिंगने होतं. टायपिंग म्हणजे आमच्या भातलावणीसारखंच दिसतंय, कमरेऐवजी हाताला. तरुण आहे. उतरेल.

१५ ऑगस्ट, रविवार

मालू आली होती. पलीकडच्या आळीतली, चाळिशीची, आवाज भांड्यासारखा. माझ्या मागे उभी राहून अर्धे धवले शिकली आणि अर्ध्यांवर सिनेमाची चाल लावते. म्हणाली, मावशे, दिवाळीनंतरच्या लग्नांना लोक मलाच बोलावतायत, मला उंबराचा आणि देवांच्या बोलावण्याचा येत नाय, शिकव ना. मी म्हटलं, पाच डिसेंबरला ये आमच्या मांडवात आणि मागे उभी राहा. सगळे म्हणणार आहे. म्हणाली, तवर... आणि थांबली. म्हटलं, तवर काय? म्हणाली, काय नाय, मावशे, चहा बरा झालाय.

मांडवाबाहेर हिला का शिकवू? मला सासूनेही शिकवलं नाही.

तिला लोक बोलावतात असं ती सांगते. लोकांना स्वस्तात काहीही चालतं.

९ सप्टेंबर, गुरुवार

आज नऊ-नऊ-नव्व्याण्णव. नीलेशच्या ऑफिसात म्हणे या तारखेची सुद्धा भीती होती, सगळे नऊ दिसले की मशीनला ‘संपलं’ असं वाटतं. सगळे रात्रभर बसून राहिले आणि काहीच झालं नाही. घरी आला तो उंबऱ्यावरच बसला, बूट काढायचे विसरला. मी म्हटलं, काही झालं नाही तर चांगलंच की. म्हणाला, हो आजी, आमचं काम तेच. काही होऊ द्यायचं नाही.

मग म्हणाला, तुझा आवाज असा का येतोय? म्हटलं, कसा? तुझे कान दमलेत.

१० ऑक्टोबर, रविवार

पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. मी जात नव्हते. नीलेश म्हणाला, रजा काढलीय तुझ्यासाठी. लग्नाला मिळत नाही ती रजा डॉक्टरला मिळते, हे लक्षात ठेवलं.

डॉक्टरने घशात आरसा घालून बघितलं. विचारलं, मिशरी किती वर्षं? म्हटलं, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून. हसला नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. पनवेलच्या डॉक्टरांना काही जमलं नाही की मुंबईला पाठवतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

मुंबईला दोनदा गेलो. नाकातून नळी घातली, तुकडा काढला. नीलेश दोन्ही वेळा सोबत. दुसऱ्या वेळी डॉक्टरने त्याला आधी बाहेर बोलावलं. तो भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसला. थकला असेल, जागरणं चालू आहेत.

मग मला सांगितलं. घशात गाठ आहे. काढावी लागेल, आवाजाच्या पेटीसकट, आणि लवकर. मी विचारलं, आवाज परत कधी येईल? डॉक्टरने नीलेशकडे बघितलं. तरुण डॉक्टर होता, त्याला माहीत नसणार. मोठा डॉक्टर वेगळं सांगेल.

रंजिता इथे लिहायची थांबली. लिही गं, म्हटलं. शाई माझी आहे.

मी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. पाच डिसेंबरला लग्न. सगळे धवले म्हणते, नीलेश भरून घेईल, मालू ऐकेल, आणि सहा तारखेला खुशाल काय कापायचं ते कापा. नीलेश ओरडला. माझ्यावर कधी ओरडला नव्हता. म्हणाला, आजी, महिना खूप असतो यात! म्हटलं, बोलू नको, हात कापतायत तुझे.

१४ नोव्हेंबर, रविवार

ऑफिसने कागद लावला. एक जानेवारी उजाडेपर्यंत कोणालाही, कशासाठीही रजा नाही.

काशिराम आपट्याला जाऊन बोलून आला. तिथून निरोप आणला. लग्न एका दिवसात करू, रविवारी सकाळी. नीलेश दुपारी ऑफिसला जाईल. दिपा तयार आहे, तिचा बाप तयार आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी नाही म्हटलं. एका दिवसात डाळ शिजते, लग्न नाही. मेढ एका दिवशी, उंबर दुसऱ्या, हळद तिसऱ्या. देवांना काय मोटारसायकल आहे, भटजीसारखी? अर्धवट बोलावण्यापेक्षा न बोलावलेलं बरं. जानेवारीत, संक्रांत झाली की चार दिवसांचं लग्न. गळा थांबेल. माझा गळा आहे, मला माहीत.

नीलेश म्हणाला, आजी, डॉक्टर थांबत नाहीत म्हणाले. म्हटलं, मग डॉक्टरला सांग, रजा मिळत नाही.

कोणी हसलं नाही. चांगला विनोद होता.

२ डिसेंबर, गुरुवार

पलीकडच्या आळीत हळद होती. मालू म्हणत होती, लाउडस्पीकरवर. मी खिडकीत बसून ऐकलं. उंबराचा धवला गाळला. कोणाला कळलंसुद्धा नाही. नवरा-नवरी मजेत होते.

मला बोलावलं होतं, पण मी गेले नाही. घसा जपते आहे.

५ डिसेंबर, रविवार

गिळताना दुखतं. पेज घेते. सून पेज चांगली करते. (लिहून ठेव.)

१९ डिसेंबर, रविवार

आवाज खाली गेला. रंजिताला कान जवळ आणावा लागतो. म्हणून थोडक्यात.

तात्पुरतं आहे. लग्नात येईल. मांडवात उभं राहिलं की येतोच.

१ जानेवारी २०००, शनिवार

डायरी संपली. रंजिता मागच्या पानांवर लिहिते, लोकांचे पत्ते लिहायचे असतात तिथे.

नीलेश सकाळी आला. दिवे चालू, पाणी चालू, अमेरिकेतली माणसं जिवंत. कुठेच काही झालं नाही. म्हणाला, टीव्हीवर लोक हसतायत, म्हणे उगाच घाबरवलं.

त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. सव्विसाव्या वर्षी. उन्हात बसल्यावर दिसले. म्हटलं, शोभतात. म्हणाला, काय म्हणालीस? परत म्हटलं. परत म्हणाला, काय? मग नुसता हात फिरवला डोक्यावरून.

आता रजा मिळेल.

१२ जानेवारी, बुधवार

मिळाली. सगळ्यांनाच. काम संपलं, म्हणून माणसं कमी केली. नीलेशला बोलावून साहेबाने हात मिळवला. बॉण्डचं विचारलं तर म्हणाला, तो तुम्हाला बांधत होता, आम्हाला नाही.

काशिराम टेम्पो धूत बसला. धुतलेलाच होता.

माझं मत, लगेच दुसरी लागेल. इतका हुशार मुलगा.

१६ जानेवारी, रविवार

दिपाचा बाप आला. तिळगूळ दिला. म्हणाला, घाई कशाला, आधी नीलेशरावांचं मार्गी लागू द्या, आजींचं ऑपरेशन होऊ द्या, मग बघू. ‘बघू’ दोनदा म्हणाला. दिपा आली नव्हती. तिने रंजिताला फोन केला. रंजिताने काय ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ऑपरेशन मंगळवारी २५ तारखेला. डॉक्टर नीलेशला म्हणाला, नोव्हेंबरात आला असता तर.

२३ जानेवारी, रविवार

कानात सांगते आहे. लिही.

सकाळी मीच नीलेशला खूण केली. भर, म्हटलं. तो म्हणाला, मांडव? मी मान हलवली. नको.

त्याने पनवेलहून मित्राचा कॉम्प्युटर आणला, बापाच्या टेम्पोतून, चादरीत गुंडाळून. तांदळाच्या पिंपावर ठेवला. माझ्यासमोर माईक धरला. मालूला बोलावलं होतं, ती मागे उभी राहिली. सून पदर डोक्यावर घेऊन.

पडद्यावर हिरवी रेघ. नीलेशने दाखवलं, आवाज झाला की रेघ उठते. तो ‘आजी’ म्हणाला आणि रेघ ताडकन उठली.

मी सुरू केलं. उंबराचा. सगळा आठवत होता, एक शब्द चुकला नाही. मेढ, उंबर, हळद. एकेका देवाचं नाव घेतलं.

रेघ सरळ.

बाहेर काशिराम खोकला. रेघ उठली. परत सरळ.

मालू पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत होती. मग सरळ उभी राहिली आणि जमिनीकडे बघू लागली.

धवला मध्येच सोडत नाहीत. पूर्ण केला. नीलेशने पडद्यावरून डोळे काढले नाहीत. अमेरिकेच्या एकेका ओळीतली चूक काढणारा पोरगा.

छान येतंय, आजी, म्हणाला. पुढचा म्हण.

मी पुढचा म्हटला.